तुटायचा तो दोरा तुटावा

प्रिय मुला,

पत्र मिळालं, सोबतचे फोटोही पाहिले. पणजीची गोधडी उशाकडून विरली आहे, दोन ठिकाणी भोक पडलंय, काठ सुटलाय आणि माळ्यावरच्या बोचक्यात तिचीच चार लुगडी निघाली. आता ही गोधडी दुरुस्त करायची आणि लुगड्यांची नवी शिवायची, असा तुझा बेत आहे. बेत चांगला आहे. पण हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत तीन गोष्टी करू नकोस: गोधडी धुवायला टाकू नकोस, फाटक्या जागेच्या दशा, म्हणजे लोंबणारे धागे, कात्रीने साफ करू नकोस आणि बाजारातून दोरा आणू नकोस. बिघडतं ते बहुतेक या तीन उत्साहांनीच.

तुझ्या घरात तिला वाकळ म्हणतात, कुठे लेपडं म्हणतील, बेळगावच्या पुढे गेलास की कौदी होते. नाव बदललं तरी रचना तीच. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून आरपार धावदोरा घातलेला. आत कापूस नाही. कापूस असला की ती दुलई किंवा रजई, आणि तिची दुरुस्ती हे वेगळंच काम. तेव्हा आधी हे बघ: कडेची शिवण जिथे आपोआप सुटली आहे तिथून बोट घालून आतले थर मोज. चार ते सात थर सापडतील. आत आणखी एक अख्खी गोधडी निघाली तरी दचकू नकोस. जुनी विरली की तिच्यावर नवं कापड चढवायचं, ही घराघरातली रीत होती. आतली सोडवत बसू नकोस, तिच्यावरच बाहेरचं सगळं तोललेलं असतं.

मग तपासणी. दिवसा खिडकीसमोर गोधडी दोघांनी धरायची. जिथून उजेड जास्त येतो तिथे आतला थर गेलाय. जिथे गाठोडं दिसतं तिथे आतली चिंधी सरकून गोळा झाली आहे. नंतर जमिनीवर पसरून वरचं कापड दर वीतभर अंतरावर चिमटीत धरून हलकेच ओढून बघ. कापड ताणून परत आलं तर त्याच्यात जीव आहे. बोटांना पिठासारखा भुगा लागला, किंवा कागद फाटावा तसा चर्र आवाज आला, तर तिथे सुई टोचायची नाही. काळ्या आणि गडद तपकिरी छापाच्या कापडावर विशेष लक्ष ठेव. जुन्या पद्धतीत काळा रंग पक्का करायला लोखंडाचा अंश वापरत, आणि तोच पुढे सुताला खातो. म्हणून लाल-पिवळं शाबूत आणि काळी बुट्टी तेवढी गळून गेलेली, असं चित्र दिसतं.

उशाकडची बाजू आधी का जाते, असं तू विचारलंस. डोक्याचं तेल, मानेचा घाम आणि हनुवटीखाली रोज बसणारी ओढ, तिन्ही एकाच पट्टीवर. जुन्या बायका म्हणूनच उशाकडे एका कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा तुकडा लावत. अंधारातही पायथा तोंडावर येऊ नये हा एक हेतू, आणि दर सहा महिन्यांनी मुद्दाम बाजू बदलायची तर खूण हवी हा दुसरा. तुझ्या गोधडीला अशी खूण असेल तर ती शोभेची समजून काढू नकोस.

आता कापड कशाचं आहे ते ओळख. कडेचा एक सुटा धागा चिमट्यात धरून पेटव. जळालेल्या कागदाचा वास आणि बोटात चुरगळणारी मऊ राख म्हणजे सूत. केस जळाल्यासारखा वास म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. बोचक्यातल्या लुगड्यांचीही हीच परीक्षा घे, आणि इरकल असेल तर अंग आणि पदर दोन्हीकडचा धागा वेगवेगळा जाळून बघ. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. कृत्रिम रेशीम सुतासारखंच कागदाच्या वासाने जळतं, म्हणून तिथे दुसरी खूण बघायची. तो धागा ओला करून ओढ. सूत ओलं झाल्यावर अधिक बळकट होतं, कृत्रिम रेशीम ओलं झालं की पटकन तुटतं. असा पदर रोज पांघरायच्या, धुवायच्या गोधडीत घालायचा नाही. तो वेगळा काढून ठेव.

आता दोरा. या सगळ्या पत्रातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असशील तर ही ठेव: दोरा नेहमी कापडापेक्षा कमजोर हवा. ऐकायला उलटं वाटतं. पण गोधडी रात्रभर ओढली जाते, मुलं तिच्यावर उड्या मारतात, धुताना तिच्यावर पाण्याचा भार येतो. कुठेतरी काहीतरी सुटणारच. दोरा तुटला तर अर्ध्या तासात नवा टाका पडतो. दोरा तुटलाच नाही तर तो कापडाला करवतीसारखा चिरत जातो, आणि चिरलेलं कापड परत धड करता येत नाही. पॉलिएस्टरचा 'पक्का' दोरा घालून शिवलेल्या गोधड्या बघ, दोन-चार वर्षांत टाक्याच्या रेषेवरून कापड फाटलेलं असतं आणि दोरा मात्र ताठ उभा.

त्यामुळे सुतीच दोरा घे. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. नव्या गोधडीला 20 नंबरच्या आसपासचा, आणि पणजीच्या दुरुस्तीला 40 चा. दुकानात विचारून चालणार नाही, घरी परीक्षा कर. ज्या कापडात शिवायचं त्याच्याच टाकाऊ कडेला तीन टाके घाल, बखिया (मागे वळून घेतलेला टाका) मारून बंद कर आणि दोरा बोटाला गुंडाळून ओढ. दोरा तुटला तर तो योग्य. भोक लांबलं तर आणखी बारीक घे. दोरा रंगीत असेल तर शिवण्याआधी गरम पाण्यात अर्धा तास बुडवून वाळव. एकतर रंग जाणारा असला तर तिथेच कळतो, आणि आटायचा तो आधीच आटतो. नंतर आटला तर पूर्ण गोधडी चुण्यांनी आखडते.

सुईचं गणित दोऱ्यासारखंच, नंबर लहान तितकी सुई जाड. पाच थरांतून जायला 1 ते 3 नंबरची लांब सुई, जुन्या कापडाच्या दुरुस्तीला 7 किंवा 8. दाभण हे पोती शिवायचं हत्यार आहे, ते या कामाला अजिबात नको. त्याचं भोक बुजत नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्ताना घाल. पहिल्या दिवशी तो नकोसा वाटेल, तिसऱ्या दिवशी बोटाला भोकं पडल्यावर आठवेल. आणि हो, मुलगा असून सुई हातात धरल्याबद्दल कुणी हसलं तर त्यांना शिंपी आणि पिंजारी आठवून दे.

दुरुस्तीला लाग. काम तीन पायऱ्यांचं आहे आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा.

पहिली पायरी, जिथे फक्त दोरा गेलाय आणि कापड धड आहे. तिथे जुन्याच भोकांतून नवा धावदोरा घाल. नवी भोकं पाडू नकोस. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जुन्या धड टाक्यांवरूनच सुरुवात आणि शेवट कर, म्हणजे जुना दोराही पुढे उसवत नाही. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक थरांच्या मधून वीतभर लांब बाहेर काढायचं, ओढून कापायचं आणि आत सोडून द्यायचं. वर राहिलेली गाठ झोपणाऱ्याला टोचते आणि धुताना पहिली तीच फाडते.

दुसरी पायरी, जिथे भोक आहे. भोकाच्या दशा कापू नकोस, त्याच तर अजून कापडाला धरून आहेत. त्या बोटाने सरळ रेषेत बसव. जुन्या मलमलीचा किंवा धोतराचा तुकडा भोकापेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठा काप आणि भोकातूनच, लोणी लावायच्या बोथट सुरीने, वरच्या कापडाखाली सारून पसर. त्याच्यावर दशा निजवून लांब, सैल टाक्यांनी धर. आता वरून ठिगळ. ठिगळ नव्या कापडाचं कधीही नको. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच टक्के सहज आटतं, आणि आटताना ते आजूबाजूचं म्हातारं कापड आपल्याकडे ओढून फाडतं. घरातलाच जुना पंचा, विरलेला सदरा, त्याच बोचक्यातल्या लुगड्याचा तुकडा घे. जाडी गोधडीच्या वरच्या कापडाएवढीच हवी, जास्त नको.

ठिगळाचा आकार भोकावर ठरत नाही, भोकाभोवती धड कापड कुठे लागतं त्यावर ठरतो. चिमटीची परीक्षा परत घे, धड जागा लागली की तिथून आणखी दीड इंच पुढे जा. रुपयाएवढ्या भोकाला तळहाताएवढं ठिगळ लागलं तर त्यात वावगं काही नाही. उभा धागा उभ्या धाग्याला मिळव. कोपरे गोल कर, कारण टोकदार कोपरा पहिला उचलला जातो. कड पाव इंच आत दुमडून तुरपाई घाल, पण टाके दाट नकोत, एका इंचात चार पुरे. नवशिक्याची हमखास चूक इथे होते. ठिगळ पक्कं बसावं म्हणून कडेने दोन-दोन पदरी, दाट बखिया मारला जातो. मग ठिगळ पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं, भोवतालचं कापड मऊ, आणि वर्षभरात ठिगळाच्या कडेकडेने, अगदी आखल्यासारखी, नवी फाट पडते. त्याऐवजी गोधडीचा मूळ धावदोरा ज्या दिशेने जातोय त्याच दिशेने, त्याच अंतरावर, ठिगळाच्या बाहेर दोन इंचांपासून पलीकडे बाहेर दोन इंचांपर्यंत ओळी ने. भार तेवढ्या सगळ्या जागेवर विभागतो.

तिसरी पायरी, जिथे कापडाचा भुगा होतोय. तुझ्या फोटोत उशाकडची वीतभर पट्टी अशीच दिसते. तिथे ठिगळं लावत बसलास तर आभाळाला ठिगळ लावण्यातला प्रकार होईल. दोनच मार्ग आहेत. गोधडी वापरायची असेल तर सगळ्या पट्टीवर उशापासून हातभर लांबीचं जुनं कापड दोन्ही बाजूंनी खोळीसारखं चढव आणि आरपार मोठे धावदोरे घाल, खालचं जुनं आत तसंच राहू दे. आणि ते कापडच डोळ्यांना दिसत राहायला हवं असेल तर मिळत्या रंगाची तलम जाळी वरून अंथरून, भुग्याच्या जागेत टाका न घालता, चहूबाजूंच्या धड कापडात टाके घे. रंग जाळीतून दिसतो, तुकडे जागेवर राहतात. पण अशी गोधडी पांघरायची नाही. चिकटवायचा डिंक, इस्त्रीने चिकटणारी पट्टी, फेविकॉल हे प्रकार मात्र कुठल्याच पायरीत नकोत. कडक होतात, पिवळे पडतात आणि काढता येत नाहीत.

दुरुस्ती झाल्यावर धुणं. आधी धुतली असतीस तर भोकं दुप्पट झाली असती. नवरात्राआधी दसरा काढताना, म्हणजे घराची मोठी साफसफाई करताना, पांघरुणं नदीवर नेऊन सोड्याच्या पाण्यात उकळून धोपटायची पद्धत होती, ती त्या वेळच्या धट्ट्याकट्ट्या गोधड्यांना सोसत असे. तुझी आता म्हातारी आहे. पांढरं ओलं फडकं प्रत्येक रंगावर दहा मिनिटं दाबून ठेव. लाल, किरमिजी किंवा निळा उतरला तर पाण्यात घालायचीच नाही, सावलीत वारा देऊन आणि वर जाळी धरून व्हॅक्यूमच्या हलक्या ओढीने धूळ काढायची. मीठ आणि तुरटीने रंग पक्का होतो यावर विसंबू नकोस, एकदा लागलेला रंग उतरत असेल तर तो मिठाने थांबत नाही.

रंग पक्के निघाले तर 50 ग्रॅम रिठे फोडून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी उकळ आणि दोनदा गाळ. न गाळलेल्या रिठ्याचे तपकिरी डाग फिक्या कापडावर राहतात. 20 लिटर कोमट पाण्यात हे पाणी घाल. टबात आधी जुनी चादर अंथर आणि तिच्यावर गोधडीची सैल घडी ठेव. वीस मिनिटांनी तळव्यांनी दाबून मळ काढ, चोळू नकोस, पिळू तर नकोसच. निथळ पाणी येईपर्यंत तीन-चार वेळा पाणी बदल. उचलताना गोधडीला हात लावायचा नाही, चादरीची चार टोकं धरून झोळीसारखी दोघांनी उचलायची. याचं कारण साधं वजनाचं आहे. पाच थरांची मोठी गोधडी कोरडी दोन किलो भरते, ओली पाच-सहा किलो. एका कोपऱ्याला धरून उचललीस तर हे सगळं वजन वीतभर कापडावर येतं. वाळवायलाही दोरी नको. बाजेवर उलटी पसर, सावलीत. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, घाबरू नकोस, त्याच जागेला तासभर ऊन दाखवलं की फिका पडतो. ब्लीच टाळ. गंजाचा डाग तर तसाच राहू दे, लिंबाने तो जातो पण बहुधा कापडासकट.

आता नवी गोधडी. नऊवारी लुगडं नऊ वार, म्हणजे 8.2 मीटर, पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 ते 48 इंच. दोन्ही काठ आधी उसवून किंवा कापून वेगळे काढ. काठ दाट विणीचा असतो, अंग विरळ. एकाच थरात दोन्ही ठेवले की अंग झिजतं, काठ झिजत नाही आणि मधे चीर पडते. उरलेल्या अंगाचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे पडतात. दोन तुकडे शेजारी जोडले की 2.1 बाय 2 मीटरचा एक थर, म्हणजे एका लुगड्यात दोन थर. पाच थरांना अडीच लुगडी. तुझ्याकडे चार आहेत, त्यातलं सगळ्यात विरलेलं बाजूला काढ. ते वरच्या थराला नको आणि मधल्यालाही नको, ठिगळांसाठी आणि पुसायला ठेव. 'आत कोण बघतंय' म्हणून मधे भुसभुशीत कापड घालायचा मोह होतो. मधला थर विरला की गोळा होतो, आणि गोळा झालेला थर सरळ करायला सगळी गोधडी उसवावी लागते. सगळ्यात धड कापड वरखाली, मध्यम मधे, एवढंच.

जोड एकावर एक येऊ देऊ नकोस. पाचही थरांचा जोड मधोमध आला तर पाठीला आयुष्यभर काठीसारखी कड लागेल. मधले थर एकाआड एक आडवे फिरव, जोड आपोआप चुकतात. आतल्या थरांचे जोड दुमडून शिवू नकोस, एक कड दुसरीवर बोटभर चढवून सपाट धावदोरा घाल.

अंथरताना जमीन स्वच्छ झाडून घे आणि मोकळ्या फरशीवरच अंथर. सतरंजीवर अंथरलंस तर दोन तासांनी कळेल की सतरंजीही शिवली गेली आहे. प्रत्येक थर पसरल्यावर मधून कडेकडे हात फिरवून चुण्या काढ, चार कोपऱ्यांवर वजन ठेव. पाचवा थर पडला की लांब लांब कच्चे टाके घाल, मधून सुरू करून कडेकडे, दर वीतभर अंतरावर उभे आणि आडवे. याला संध्याकाळ जाते आणि ती वाया गेली असं वाटतं. पण टाळलंस तर काय होतं ते सांगते. आपल्याकडे धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत नेतात. सुई पुढे जाताना वरचा थर केसभर पुढे ढकलते. पन्नास फेऱ्यांत हे केसभर केसभर साठून मधे पुरीसारखा फुगवटा येतो, आणि तो शेवटच्या दिवशीच दिसतो. कच्चे टाके तो अडवतात. शिवाय प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या उलट दिशेने घेतलीस तर ढकलणंही एकमेकांना खोडतं.

टाका पाच-सहा मिलिमीटरचा, मधली जागा तेवढीच किंवा किंचित कमी, दोन ओळींत दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटभर अंतर. ओळी यापेक्षा विरळ केल्यास थर सरकतात. फार दाट केल्यास गोधडी ताठ होते आणि ऊबही कमी देते, कारण ऊब थरांमधल्या हवेची असते आणि ती जागाच राहत नाही. दोरा हाताच्या लांबीचा, 70 सेंटिमीटर. लांब घेतलास तर सुई ओवायचे श्रम वाचतात, पण तोच दोरा पाच थरांतून शंभर वेळा घासून शेवटी पिंजल्यासारखा होतो. मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घे. चार-पाच टाके सुईवर गोळा कर, दोरा ओढ, आणि लगेच डाव्या हाताने ती जागा ताणून सपाट कर. हे ताणणं विसरलास की ओळ आखडते. टाका उलट्या बाजूला येतोय की नाही हे दर फेरीला खाली हात घालून बघ. वरून सुंदर दिसणारी आणि खालचा थर न पकडलेली गोधडी पहिल्या धुण्यात पोट सोडते.

हिशोब सांगते, म्हणजे पुढच्या रविवारी पूर्ण होईल असं कुणाला कबूल करणार नाहीस. 2.1 बाय 2 मीटरला या अंतराने 210 मीटर धावदोरा पडतो. एकवीस हजारांच्या आसपास टाके. सुई चारशेहून जास्त वेळा ओवायची. दोरा जवळजवळ 300 मीटर. नवख्या हाताला तासाला पाच मीटर धर, बेचाळीस तास झाले. दिवसाला दीड तासापेक्षा जास्त बसू नकोस, मान आणि अंगठा नंतर बोलतात.

कडेला गोट, म्हणजे कड बांधणारी पट्टी. मघाशी वेगळे काढलेले लुगड्याचे काठ इथे कामाला येतात. दोन इंच रुंदीचा काठ मिळाला तर उत्तम, गोधडीचा घेर 8.2 मीटर आणि काठाची लांबीही 8.2 मीटर, पण कोपऱ्यांच्या दुमडीत अर्धा मीटर जातो, तेव्हा दुसऱ्या काठातून तेवढा जोड. जोड उशाकडे किंवा पायथ्याला येऊ देऊ नकोस, लांब बाजूच्या मधे ने. कोपऱ्याला तिरकी घडी घालून आतल्या थरांची टोकं थोडी छाटली की जाड गोळा होत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांच्या गोधडीच्या, म्हणजे कवंदीच्या, कोपऱ्यांना घड्यांचे रंगीत त्रिकोण लावतात आणि त्यांना फूल म्हणतात. दिसायला सुरेख, आणि कोपरा तिथेच सर्वात जास्त झिजतो हेही त्यात आलंच.

मशीनवर शिवली तर काय बिघडतं, हा तुझा प्रश्न. गोट मशीनवर लाव, हरकत नाही. पण गोधडीच्या अंगावर मशीनची शिलाई नको. मशीन एका इंचात दहा-बारा भोकं पाडते, जुन्या कापडाला ती पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होतात. शिवाय मशीनचे दोन दोरे एकमेकांत अडकून ताठ बसतात, हातचा धावदोरा कापडाबरोबर सरकतो. बाजारात साडीच्या गोधड्या म्हणून मिळतात त्यांत पॉलिएस्टरच्या साड्या आणि मशीनची शिलाई असते. त्या वाईट आहेत असं नाही, पण उन्हाळ्यात घाम शोषत नाहीत आणि चार वर्षांनी मऊ होत नाहीत. माझ्या मते गोधडीचा अर्धा गुण तो मऊपणा.

बहिणीच्या बाळंतविड्यात दुपटं द्यायचं म्हणतोस तर तीन फूट बाय तीन फूट, तीनच थर, सगळ्यात मऊ धोतराचे. रंगीत दोरा आधी उकळून बघ, कारण बाळ कोपरा चोखणारच. आतल्या बाजूला सुटे दोरे राहू देऊ नकोस, बोटांना गुंडाळले जातात.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, पावसाळ्यात आत बुरशी येते. जुन्या धोतरात बांधून बोचकं कर. खळ किंवा स्टार्च घातलेली गोधडी ठेवू नकोस, कसर तिथे पहिली येते. डांबर गोळ्या ठेवल्यास तर फडक्यात बांधून, कापडाला न टेकवता. लोखंडी पेटी असेल तर आतून जाड सुती कापड अंथर, गंज उतरतो. पूर्वी घडवंचीवर, म्हणजे लाकडी मांडणीवर, पांघरुणं रोज काढली-ठेवली जात, म्हणून घडी रोज वेगळ्या जागी पडे. तुझी वर्षभर एकाच घडीत राहिली तर नेमकी त्या रेषेवर विरेल. दिवाळीला आणि मृगाआधी उघड, वारा दे आणि घडी दुसरीकडे घाल.

काकांनी गोधडीचे तीन तुकडे करून वाटून घेऊ असं सुचवलं, तेही लिहिलंस. करू नये असं मला वाटतं, पण घरातला वाद मिटत असेल तर निदान असं करा: जिथे कापायचं त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच सोडून आधी दोन-दोन धावदोरे घाला, मग मधून कापा आणि लगेच त्याच दिवशी गोट लावा. न बांधलेली कड रातोरात उसवत जाते. त्यापेक्षा उरलेल्या लुगड्याच्या काठाचा एकेक तुकडा प्रत्येकाच्या दुपट्याला लावणं मला बरं वाटतं.

गोधडी म्हणजे चिंध्या, ही लाज घरातल्या मोठ्यांना वाटत असेल. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, हे त्यांना आठवून दे. आणि गोधडीच्या आतल्या कडेला सुती फितीचा तुकडा शिव, त्यावर दोऱ्यानेच लिही: लुगडं कुणाचं, दुरुस्ती कोणत्या साली, कुणी केली. शाईने लिहू नकोस, पसरते.

आता लगेच मोठ्या गोधडीला हात घालू नकोस. त्या बाजूला काढलेल्या लुगड्याचे पाच थर घेऊन हातभर चौकोन शिव, दहा ओळींचा, एक ठिगळ मुद्दाम लावून. धुऊन, वाळवून पाठव. घडी घालताना उलटी बाजू वर ठेव, मला तीच बघायची आहे.

तुझी,
मावशी